स्वेतलाना म्हणजे श्वेताच का? (नावाचा अर्थ हवाय, जरा घाईत)

सदाफुली
मंडळी, पुढच्या महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे साताऱ्याला. मुलगी रशियन आहे, व्होरोनेझची, नाव स्वेतलाना. दोघं जर्मनीत एकाच लॅबमध्ये कामाला आहेत, तिकडे रजिस्टर लग्न झालंय, आता आजीच्या हट्टाने इथे सगळं साग्रसंगीत करायचंय.

तर प्रश्न असा की लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात ना, त्या ताटात आजीला "श्वेता" लिहायचंय. आजी चौऱ्याऐंशीची आहे, तिचं म्हणणं "अगं तेच नाव आहे ते, नुसतं आपल्या तोंडात बसेल असं केलंय." भाऊ म्हणतो नाव अजिबात बदलायचं नाही. आणि जिचं नाव आहे ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली की मला चालेल, पण आधी श्वेता म्हणजे काय ते सांगा. मी सांगितलं पांढरी. त्यावर ती गप्प झाली जरा, मग म्हणाली माझ्या नावात पांढरं काही नाही, उजेड आहे.

मला तेव्हा पुढे काही बोलताच आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. म्हणून विचारतेय, हे नाव आलं कुठून, खरंच श्वेताशी नातं आहे का, का नुसतं कानाला सारखं वाटतं? आणि नाव बदलावं का यावरही बोला, घरात दोन तट पडलेत.

चहाबाज
आजी जिंकणार. पुढे.

पाटावरवंटा
नातं असो नसो, श्वेता छानच नाव आहे. आणि नाव बदलणं म्हणजे काही जुलूम नव्हे, घरात आलेल्या मुलीला आपल्या घरचं म्हणून एक हाक द्यायची. माझ्या सासूबाईंनी माझं बदललं, मला तेच आवडतं आता.

धातुसाधित
सदाफुली, तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी कुठलाही कोश न उघडता बरोबर ओळखलंय.

रशियनमध्ये "स्वेत" म्हणजे उजेड, प्रकाश. त्यावरून विशेषण "स्वेत्ली", म्हणजे उजळ, लख्ख. आणि त्या "स्वेत्ल" ला पुढे "आना" लागून झालं स्वेत्लाना. म्हणजे फोड स्वेत + लाना अशी नाही, स्वेत्ल + आना अशी आहे, तो ल मूळ शब्दातलाच आहे. उच्चार करताना जोर "ला" वर द्यायचा, पहिला स्वर अगदी ओझरता, स्वित्लाऽना असं काहीसं ऐकू येतं.

आता श्वेतचं. संस्कृतात धातू आहे श्वित्, आणि धातुपाठात तो वर्ण या अर्थाने दिलाय, पण श्वेत म्हणजे फक्त चुन्यासारखं पांढरं असं नाही, त्यात उजळ, झळाळणारं हाही अर्थ आहे. वेदात उषेला श्वेत म्हटलंय ते काही रंगकाम सांगायला नव्हे. रशियन स्वेत आणि आपलं श्वेत हे एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेत. त्या मुळातला "क" सारखा एक उच्चार आपल्याकडे श झाला, त्यांच्याकडे स झाला. आपलं शत, त्यांचं "स्तो", दोन्ही म्हणजे शंभर. आपलं दश, त्यांचं "देस्यात". याच चालीत बसवा, श्वेत आणि स्वेत. इंग्रजी व्हाइटसुद्धा याच घरातला, फक्त तो दूर गेलेला चुलतभाऊ.

तेव्हा पांढरी म्हणून सांगितलंत ते चूक नव्हतं, अर्धं होतं. तिला सांगा श्वेता म्हणजे उजळ.

सदाफुली
धातुसाधित, अंगावर काटा आला वाचताना. आजीला वाचून दाखवते.

आडवाटेने
एक शंका. स्वेत म्हणजे पवित्र ना? स्व्यातोस्लाव वगैरे नावं असतात, त्यातलंच हे असं कुठेतरी वाचलेलं.

धातुसाधित
नाही, ते वेगळं. स्व्यातोस्लावमधला "स्व्यात" म्हणजे पवित्र, तो आणि "स्वेत" म्हणजे उजेड हे दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत, कानाला जवळचे वाटतात म्हणून पुष्कळ जण गल्लत करतात. गंमत म्हणजे त्या पवित्रवाल्याचा भाऊ मुंबईत सापडतो, पारशी लोकांच्या अवेस्तातला "स्पेंत". त्यांच्या कॅलेंडरात अस्पंदारमद नावाचा महिना आहे त्यात तोच बसलाय.

आणि उजेडवाल्याचाही इराणी भाऊ आपण रोज वापरतो. ओळखा बरं?

चहाबाज
सफेद?

धातुसाधित
शाब्बास! फारसी सफेद, तो थेट श्वेतचा सख्खा. म्हणजे बघा, एकच शब्द संस्कृतातून श्वेत होऊन आला, फारसीतून सफेद होऊन आला, आणि आता सदाफुलींच्या घरी रशियातून स्वेता होऊन येतोय. दिवाळीच्या आधी घराला सफेदी करतो तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

मोरजी_किनारा
आमच्याकडे कोंकणीत पांढऱ्याला धवो म्हणतात, म्हणजे धवल, ते निराळं मूळ असेल. पण स्वेता मात्र आमच्या गावात ढिगाने. मोरजी आणि हरमलला सीझनमध्ये मेनूकार्डं रशियन लिपीत असतात, दुकानावरच्या पाट्यासुद्धा. माझ्या शॅकवर दर वर्षी येणाऱ्यांत एक तरी स्वेता असतेच, साधारण चाळिशी-पन्नाशीच्या बायका. विशीतल्या पोरींमध्ये मात्र हे नाव मी ऐकलं नाही कधी, त्या आन्या, दाशा, सोफिया. याचं काही कारण आहे का?

व्होल्गाकाठ
आहे, मोरजी. मी काझानला सहा वर्षं डॉक्टरकीला होतो. स्वेतलाना हे आता तिकडे आईच्या वयाच्या बाईचं नाव वाटतं, आपल्याकडे जसं सुनीता, संगीता ऐकलं की एक पिढी डोळ्यासमोर येते तसं. सोव्हिएत काळात, विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत, प्रचंड ठेवायचे.

आता माझी आठवण. आमच्या होस्टेलच्या जिन्याखाली स्विचबोर्डाशेजारी एक पाटी होती, हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, कोपरा तुटलेला: "उखोद्या, गासीत्ये स्वेत", म्हणजे जाताना दिवा मालवा. ही पाटी तिकडे सरकारी इमारतींत सगळीकडे सापडते. रशियन लिपीत मी सगळ्यात आधी स्वतःहून वाचलेला शब्द कुठला तर हा "स्वेत". तेव्हा भाषा यायची नाही, पण वर्गात एकदा वीज गेली आणि सगळी पोरं ओरडली की स्वेत गेला, तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं अरे हे तर आपल्यासारखंच बोलतात. आपण नाही का म्हणत लाइट गेली? वीज गेली असं आपणही कुठे म्हणतो! तेही स्वेतच म्हणतात, उजेड आणि वीज दोन्हीला एकच शब्द.

त्यातून अजून एक अर्थ, स्वेत म्हणजे जगसुद्धा. "तोत स्वेत", तो स्वेत, म्हणजे परलोक. आमची दारावरची वाख्त्योर्शा, राखणदारीण म्हणा, तिचंही नाव स्वेतलाना. तिला नुसतं नावाने हाक मारायची नाही बरंका, स्वेतलाना इवानोव्ना म्हणायचं, नाव आणि वडिलांचं नाव. तिकडे बाई, ताई, मावशी लावत नाहीत, वडिलांचं नाव लावलं की मान दिला. आणि घरात मात्र स्वेता, लाडात स्वेतोच्का, स्वेतिक. स्वेत्का म्हटलं की जरा उर्मट होतं, आपण श्वेती म्हटल्यासारखं. हाक मारताना तर शेवटचा स्वरही गिळतात, नुसतं "स्वेत!" म्हणून जिन्यातून ओरडतात, तेव्हा ती बाईला हाक आहे की दिव्याला ते कळायला मला वर्ष लागलं.

सदाफुली, यातून एक सुचवतो. तिचं घरचं नाव स्वेताच असणार. तेच लिहा ना तांदळात. आजीचं राहील, तिचंही राहील.

सदाफुली
हे किती सोपं होतं! हो, तिची आई तिला स्वेताच म्हणते. पण आजी "श" वर अडून आहे. स ने सुरू होणारा शब्द अर्धवट वाटतो म्हणे 😄

पाटावरवंटा
एवढं जुनं, वेदातल्या शब्दाचं नाव आहे म्हणजे रशियात ते हजारो वर्षं चालत असणार, मग श काय स काय.

धातुसाधित
पाटावरवंटा, इथेच खरी मजा आहे. शब्द हजारो वर्षांचा, नाव मात्र जेमतेम दोनशे वर्षांचं! आणि ते एका कवीने बनवलंय.

आडवाटेने
काहीही. नाव कुणी बनवतं का असं बसून?

धातुसाधित
बनवतात की. १८०२ साली अलेक्सांद्र वोस्तोकोव्ह नावाच्या कवीने एक वीरकथा लिहिली, तिच्या नायिकेसाठी जुन्या स्लाव्ह नावांच्या वळणाने त्याने स्वेतलाना हे नाव घडवलं. त्याच्या आधी हे नाव खऱ्या माणसाचं म्हणून कुठे आढळत नाही. पण लोकांच्या तोंडी बसलं ते वसीली झुकोव्स्कीमुळे. १८०८ पासून १८१२ पर्यंत तो "स्वेतलाना" नावाच्या बॅलडवर, म्हणजे कथाकाव्यावर, काम करत होता, १८१३ ला छापलं, आणि ते रशियात घराघरात पाठ झालं.

गोष्ट थोडक्यात सांगतो कारण नावाचा सगळा जीव तिच्यात आहे. जानेवारीतली, बाप्तिस्म्याच्या सणाच्या आदली रात्र. पोरी जमून नशीब बघतायत. पायातला जोडा काढून फाटकाबाहेर भिरकावायचा, त्याचं टोक जिकडे वळेल तिकडून नवरा येणार. मेण ओतायचं, बर्फ खुरपायचं, कानोसा घ्यायचा. सगळ्यांत एकटी स्वेतलाना गप्प, तिचा प्रियकर वर्षभर परदेशी, ना पत्र ना निरोप. मध्यरात्री ती आरशासमोर मेणबत्ती लावून बसते. मग दार वाजतं, तो येतो, बर्फातून घोड्यांच्या गाडीत तिला घेऊन जातो, आणि एका झोपडीत तिला दिसतं की शवपेटीत तोच आहे. मूळ जर्मन कथेत, ज्यावरून झुकोव्स्कीने हे घेतलं, त्यात मेलेला नवरा मुलीला खरंच कबरीत ओढून नेतो. पण इथे ती जागी होते. सकाळ झालीय, कोंबडा आरवतोय, उन्हात बर्फ चमकतोय, आणि अंगणात घंटा वाजवत गाडी येते, आत तोच, जिवंत. नावात उजेड होता म्हणूनच कवीला तिला अंधारात सोडवलं नाही असं मला दर वेळी वाटतं.

आणि हे त्याने भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिलं होतं.

सदाफुली
लग्नाचा आहेर!!! हे मी भावाला लगेच पाठवतेय.

आडवाटेने
बरं मान्य. पण मग चर्चमध्ये नाव कसं चालायचं? तिकडे संतांच्याच नावाने बाप्तिस्मा होतो ना?

धातुसाधित
अचूक पकडलंत. चालायचंच नाही. झारच्या काळात पोराचं नाव चर्चच्या पंचांगातलं असावं लागे, आणि पंचांगात स्वेतलाना नावाची संत नव्हती. म्हणून पुढचं शतकभर हे नाव कवितेत, लाडाच्या हाकेत आणि वस्तूंवर राहिलं, माणसांच्या कागदावर फारसं नाही. १९१७ च्या क्रांतीनंतर नावनोंदणी चर्चकडून सरकारी कचेरीकडे गेली, आणि मग एकदम सुटलं. त्या काळात लोकांनी काय काय नावं ठेवली, लेनिन उलटं वाचून निनेल, ऑक्टोबर क्रांतीवरून ओक्त्याब्रिना. त्या सगळ्या गर्दीत स्वेतलाना नवंही वाटायचं आणि गोडही, म्हणून बाकीची विरली आणि हे टिकलं.

आता स्वेतलानांचा बाप्तिस्मा करताना बहुतेक फोतिन्या हे नाव देतात. विहिरीवर येशूने जिच्याकडे पाणी मागितलं ती शोमरोनी स्त्री, तिचं परंपरेतलं नाव फोतिनी, ग्रीक "फोस" म्हणजे प्रकाश, फोटोतला फोटो तोच. म्हणजे अर्थ जुळवून ग्रीक नावाशी गाठ मारली. २ एप्रिलला तिचा सण असतो. सदाफुली, नवी सून त्या दिवशी वाढदिवसासारखं काही करते का विचारा.

डेकवरून
वस्तूंवर राहिलं म्हणालात ना, त्यावर माझी भर. मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो, रत्नागिरीचा. व्लादिवोस्तोकला आम्ही एकदा अकरा दिवस अडकून पडलो होतो, फेब्रुवारीत, बंदरात बर्फाचे तुकडे जहाजाला घासायचे त्याचा रात्रभर खरखर आवाज. शहराचा मुख्य रस्ता स्वेतलान्स्काया. मला वाटलं कोणी राणीबिणी असेल. एजंटने सांगितलं, राणी नाही, जहाज! "स्वेतलाना" नावाची फ्रिगेट, फ्रान्समध्ये बोर्दोला १८५८ साली बांधलेली, तिच्यावरून १८७३ ला झारचा मुलगा या बंदरात आला म्हणून रस्त्याला जहाजाचं नाव. सोव्हिएत काळात तो लेनिनचा रस्ता झाला आणि १९९२ ला परत स्वेतलान्स्काया.

आता धातुसाधितांचं वाचून कळलं की जहाजाला ते नाव कवितेमुळे मिळालेलं असणार. म्हणजे कविता, मग जहाज, मग रस्ता, आणि त्या रस्त्यावर मी गरम पिरोष्की खात उभा. पुढे याच नावाची एक क्रूझर होती, ती १९०५ मध्ये रशिया-जपान युद्धात, त्सुशिमाच्या लढाईत बुडाली. आम्हा जहाजावरच्यांना बुडालेल्या जहाजाचं नाव विसरता येत नाही.

ट्यूबवाला
रच्याकने, माझ्या घरी दोन स्वेतलाना रोज संध्याकाळी तापतात. गैरसमज नको, गाणी ऐकायचा ट्यूब अँप्लिफायर आहे, त्यात स्वेतलाना कंपनीचे ईएल-३४ व्हॉल्व, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या. पीटर्सबर्गला १९१३ पासून या नावाने विजेचे दिवे निघायला लागले, पुढे रेडिओचे व्हॉल्व. रशियन लोक नावाची फोड सांगतात "स्वेतोवाया लांपा नाकालिवानिया", म्हणजे प्रकाश देणारा तापत्या तारेचा दिवा, पहिल्या अक्षरांतून स्वेतलाना. काचेवर पंख असलेलं एक अक्षर छापलेलं असतं. ऑन केल्यावर अर्धं मिनिट काही होत नाही, मग आत तार हळूहळू नारिंगी होते, आणि मग आवाज येतो. जुनी मराठी गाणी त्यावर ऐकून बघा, आयुष्यात दुसरं काही मागणार नाही.

चहाबाज
धागा लग्नाचा, पोचला अँप्लिफायरला. हाच तो आपला कट्टा!

दादरचा_पक्षी
स्वेतलाना म्हटलं की आमच्या पिढीला एकच आठवते, स्टालिनची मुलगी. १९२६ चा तिचा जन्म, आणि तिच्यामुळेही पुढे नाव खूप पसरलं म्हणतात. तिचं भारताशी नातं तरुणांना माहीत नसेल म्हणून लिहितो. मॉस्कोत हॉस्पिटलमध्ये तिची ब्रजेश सिंगांशी ओळख झाली, ते उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरच्या राजघराण्यातले, कम्युनिस्ट. तिला त्यांच्याशी लग्न करायचं होतं, सरकारने परवानगी दिली नाही. १९६६ च्या ऑक्टोबरात ते वारले. त्यांच्या अस्थी घेऊन ती डिसेंबरात भारतात आली, कालाकांकरला गंगेकाठी राहिली, आणि परत जायच्या ऐवजी ६ मार्च १९६७ ला दिल्लीत अमेरिकन वकिलातीत आश्रय मागायला चालत गेली. जगभर खळबळ. माझे वडील पक्षाचं काम करायचे, आमच्या चाळीत त्या दिवशी दोन मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले ते या बाईवरून. मी लहान होतो, मला फक्त एवढं कळत होतं की एक बाई नवऱ्याच्या अस्थी घेऊन आली आणि मोठी माणसं तिच्यावर चिडलीयत.

शेवटी अमेरिकेत ती लाना पीटर्स या नावाने जगली. स्वेत गाळलं, लाना ठेवलं.

तारांगण
माझी आवडती स्वेतलाना वेगळी. स्वेतलाना साव्हित्स्काया. २५ जुलै १९८४, साल्यूत-७ या अंतराळस्थानकातून बाहेर पडून अवकाशात चालणारी पहिली बाई, साडेतीन तासांच्या वर बाहेर होती आणि तिथे चक्क वेल्डिंग केलं. त्याच साल्यूत-७ वर त्याच वर्षी एप्रिलात आपले राकेश शर्मा होते! शाळेत आम्हाला राकेश शर्मा सांगितले, हिचं नाव कोणी घेतलं नाही, मला कॉलेजात कळलं. सदाफुली, आजीला ही गोष्ट नक्की सांगा.

मोरजी_किनारा
आणि २०१५ चं साहित्याचं नोबेल, बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सियेविच. त्या पिढीत दर तिसरी बाई स्वेतलाना असावी असं वाटायला लागलंय.

जुनीवही
सगळं वाचते आहे कालपासून. फार छान माहिती. पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मागे पडला म्हणून लिहिते.

माझं लग्न १९८१ चं. चार अक्षरी नाव होतं, वडिलांनी ठेवलेलं. तांदळात दोन अक्षरी लिहिलं गेलं, मला कोणी विचारलं नव्हतं, मला ते ताट समोर आल्यावरच कळलं. सासरची माणसं वाईट नव्हती, प्रेमानेच केलं, पाटावरवंटा म्हणतात तसं. पण पहिले कित्येक महिने स्वयंपाकघरातून हाक आली की मी ओ द्यायचेच नाही, कारण मला कळायचंच नाही की मला बोलावतायत. सासूबाईंना वाटायचं मुलगी तोऱ्यात आहे. पुढे मॅट्रिकचं सर्टिफिकेट एका नावाचं, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं, एका कचेरीत तर मला तू तूच आहेस हे सिद्ध कर म्हणून चार खेपा घालायला लावल्या.

तेही सोसलं. पण आई गेली, मग भाऊ गेला, आणि एके दिवशी लक्षात आलं की आता माझं पहिलं नाव घेऊन हाक मारणारं जगात कोणी उरलेलं नाही. त्या मुलीची माणसं तर हजारो मैलांवर असणार. तिचं नाव म्हणजे तिच्या आईचा आवाज आहे. अर्थ एक असला, मूळ एक असलं तरी आवाज तोच ठेवा हो.

पाटावरवंटा
जुनीवही ताई, मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेते. मला माझं नवं नाव आवडतं हे खरं, पण मला विचारलं होतं. तो फरक माझ्या लक्षातच आला नव्हता.

व्होल्गाकाठ
यात अजून एक. रशियन बाईचं वडिलांचं नाव लग्नानंतरही बदलत नाही, जन्मभर इवानोव्ना ती इवानोव्नाच. आडनाव नवऱ्याचं घेतात बऱ्याचदा, पण बापाचं नाव सुटत नाही. आपल्याकडे मधलं नावही नवऱ्याचं होतं हे मी आमच्या स्वेतलाना इवानोव्नाला सांगितलं होतं. चहाचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, मग वडिलांना वाईट नाही वाटत? मला काही सांगता आलं नव्हतं.

सदाफुली
जुनीवही, तुमचा प्रतिसाद आजीला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मला म्हणाली, "माझंही बदललं होतं." मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

बाकी उखाणा हवाय कुणाकडे? सोपा, रशियन जिभेला झेपेल असा. "ळ" नको, ती ळ ला घाबरते.

चहाबाज
घ्या:
रशियन भाषेत स्वेत म्हणजे लख्ख उजेड,
अमुकरावांनी लावलं मला मराठीचं वेड.
ळ कुठेच नाही, तपासून घ्या.

दादरचा_पक्षी
वा! पण "लख्ख" कसं म्हणणार ती?

व्होल्गाकाठ
म्हणेल. त्यांच्याकडे घशातला ख आहे, आपल्यापेक्षा जोरात म्हणेल. "उजेड" मधला शेवटचा ड मात्र ट होणार, शब्दाच्या शेवटी त्यांची जीभ तशीच वळते. उजेट आणि वेट. यमक जुळतंय ना, मग झालं.

सदाफुली
(पाच आठवड्यांनी)
वृत्तांत देते, उशीर झाला.

लग्न छान झालं. उखाणा घेतला, उजेट-वेटच झालं, आणि वन्समोअर मिळाला. रशियाहून तिची आई आणि मावशी आल्या होत्या, नऊवारी नेसून बसल्या.

तांदळाच्या वेळी आजीने ताट पुढे ओढलं. अंगठी भावाच्या हातात न देता सुनेच्याच हातात दिली आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. आजीचा हात थरथरतो, त्यामुळे पहिलं अक्षर जरा वाकडं आलं, आंबेमोहोर तांदूळ होते, बारीक, ते परत परत घसरून रेघ बुजत होती. दोघींनी मिळून लिहिलं, स्वेता. स ने. मी म्हटलं आजी, श चं काय झालं? तर म्हणाली, "ते धातूवाले म्हणाले ना, त्यांच्याकडे श चा स होतो. मग होऊ दे की." मग त्याच्या खाली सुनेने एकटीने तिच्या रशियन लिपीतही लिहिलं, त्यांचा स अर्ध्या चंद्रासारखा असतो, तो बघून आजी म्हणाली चंद्रकोर काढली पोरीने. तिच्या आईने ताटाचा फोटो काढला आणि मग रडायलाच लागली.

धातुसाधित, २ एप्रिलचं विचारलं. त्यांच्या घरी काही करत नाहीत म्हणे, पण तिच्या आजीचं चर्चमधलं नाव खरंच फोतिन्या होतं.

आणि जुनीवही, तुम्हाला एक विचारायचं होतं. ते चार अक्षरी नाव काय होतं? सांगावंसं वाटलं तरच सांगा.

जुनीवही
मंदाकिनी.